शुगरही आहे, आमवातही आहे. मग पायाची जखम भरायची कशी?

मावशीच्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फरशीवर लालसर डाग दिसायला लागले तेव्हा सुनेला वाटलं, कुंकू सांडलंय. दोन दिवस तिने ते पुसून काढले. तिसऱ्या दिवशी डाग ओट्यापासून देवघरापर्यंत एका रांगेत, पावलापावलाच्या अंतरावर दिसले. मग तिने मावशीला खुर्चीत बसवलं आणि पाय उचलून पाहिला. उजव्या तळव्यावर, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी रुपयाएवढी जखम होती. कडेने पिवळट, जाड घट्टा आणि मधे ओलं लाल मांस. मावशी म्हणाली, "अगं, मला तर काहीच दुखत नाही."

मावशीला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्याच्याही आधीपासून आमवात. पुढचे पावणेतीन महिने आम्ही तीन दवाखाने फिरलो. एकीकडे सांगितलं, शुगर आटोक्यात आणा, बाकी आपोआप होईल. दुसरीकडे सांगितलं, हे सगळं तुमच्या स्टेरॉइडमुळे. तिसऱ्या ठिकाणी चौथं अँटिबायोटिक लिहून मिळालं. "तुम्ही दिवसातून किती तास उभ्या असता?" हे मात्र कुणी विचारलं नाही. पुढे कळलं की पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो हाच प्रश्न.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या अनेकांना आमवात, ल्युपस, सोरायसिस यांसारखा दुसरा आजारही असतो. अशा माणसाच्या पायाला जखम झाली की मधुमेहाचे नेहमीचे नियम थोडे बदलतात. कसे बदलतात, हे सांगण्यासाठी हा लेख.

राखणदार घरच्यांवरच उलटतो तेव्हा

शरीराची रोगप्रतिकारशक्ती म्हणजे गावचा राखणदार. बाहेरचा जंतू आला की काठी उगारायची, हे त्याचं काम. काही लोकांत हा राखणदार गावातल्याच माणसांना चोर समजू लागतो. याला स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. त्याने सांध्यांच्या अस्तरावर हल्ला केला की तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो. त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंत कुठेही हल्ला केला तर ल्युपस. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर हल्ला केला तर व्हॅस्क्युलायटिस. लहानपणी किंवा तरुणपणी होणारा टाइप १ मधुमेहसुद्धा याच जातीचा, कारण त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला होतो.

उपाय म्हणून या राखणदाराला थोडी गुंगी आणणारी औषधं देतात. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट आणि अलीकडची बायोलॉजिक इंजेक्शनं ही त्यातलीच. त्यांनी सांधे वाचतात, पण खरा चोर आला तरी राखणदार डुलकीतच राहू शकतो. पायाच्या जखमेतला सगळा तिढा इथून सुरू होतो.

तळव्याला भोक पडतं कसं?

मधुमेह बरीच वर्षं राहिला की पायाच्या नसा बधिर होतात. आधी मुंग्या, जळजळ, आणि मग काहीच नाही. पायात खडा गेला, चप्पल चावली, चटका बसला, तरी मेंदूपर्यंत निरोप जात नाही. घाम आणणाऱ्या नसाही मंदावतात, त्यामुळे कातडी कोरडी पडते आणि टाचांना भेगा पडतात.

दुसरी गोष्ट रक्ताची. ज्यांची शेती कालव्यावर आहे त्यांना हे लगेच समजेल. कालव्याला पाणी सुटलं तरी शेवटच्या टोकाच्या शेताला ते कधी पोचतं, कधी नाही. मधे कुठे गाळ साचला तर सर्वांत आधी टोकाचं शेत वाळतं. पायाची बोटं म्हणजे आपल्या शरीरातलं टोकाचं शेत. रक्तवाहिन्या मधुमेहाने अरुंद होतात, तंबाखू आणि बिडीने त्याहून वेगाने. आमवात आणि ल्युपसमध्येही रक्तवाहिन्या लवकर खराब होतात, हे बऱ्याच रुग्णांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट आकाराची, आणि इथे आमवात थेट पायात घुसतो. सांधे सुजून सुजून बोटं वाकडी होतात, अंगठा शेजारच्या बोटांकडे झुकतो. चवड्याखाली जी मऊ चरबीची गादी असते ती पुढे सरकते, आणि उभं राहिलं की हाडांची टोकं जवळजवळ थेट जमिनीवर टेकतात. मावशीची जखम बरोबर अशाच एका हाडाखाली होती. तिथे आधी घट्टा धरला होता. तिला तो साधं कुरूप वाटला आणि तिने दुकानातून कुरूपाची पट्टी आणून लावली. त्या पट्टीत कातडी विरघळवणारं आम्ल असतं. बधिर पायावर ते कातडीच्या खालपर्यंत गेलं तरी कळत नाही. मधुमेह असलेल्या कुणीही ती पट्टी वापरू नये.

घट्टा म्हणजे संरक्षण, असं आपण मानतो. खरं तर तो चपलेत अडकलेल्या खड्यासारखा काम करतो. प्रत्येक पावलाला खालचं मांस चिरडतो, आत रक्त साकळतं, आणि एक दिवस वरचं कवच फुटतं. जखम त्या दिवशी झाली असं घरच्यांना वाटतं, पण आत ती कित्येक आठवड्यांपासून असते.

"दुखत नाही, म्हणजे साधीच असणार ना?"

उलट. तळव्याला इतकी मोठी जखम असून दुखत नाही, हीच सर्वांत वाईट खूण.

ही गोष्ट जगाला शिकवण्यात भारतातल्या कुष्ठरोग्यांचा मोठा वाटा आहे. तमिळनाडूत जन्मलेले डॉक्टर पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर काम केलं. तोवर समज असा होता की रोग हातपाय खातो. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग फक्त संवेदना मारतो. बोटं झडतात ती न कळलेल्या जखमांमुळे, चटक्यांमुळे, रात्री उंदीर कुरतडून गेल्यामुळेही. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हेच ज्ञान मधुमेहाच्या पायासाठी वापरलं. आनंदवनात किंवा दत्तपूरला ज्यांनी कुष्ठरुग्णांचे पाय जवळून पाहिलेत, त्यांना मधुमेहाची तळव्यावरची जखम बघताच ओळख पटेल. तीच जागा, तोच घट्टा, तेच न दुखणं.

बधिरपणा तपासायला महागडं यंत्र लागत नाही. मासेमारीच्या दोऱ्यासारखा एक नायलॉनचा तंतू असतो. तो १० ग्रॅम जोर पडला की वाकतो. डोळे मिटायला सांगून तळव्यावर तो टेकवतात. स्पर्श कळला नाही तर तो पाय धोक्यात आहे. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मावशीच्या चौदा वर्षांत ते एकदाही झालं नव्हतं.

एक जोड इथेच देते. मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि पोटाच्या काही स्वयंप्रतिकार आजारांतही होतं. त्यानेसुद्धा पाय बधिर होतात, आणि हे कारण दुरुस्त करता येतं. म्हणून बी-१२ची तपासणी मागून घ्या.

मलम कोणतं, हे नंतर. आधी जखम कुठे आहे ते पाहा

दोन्ही आजार असलेल्या माणसाच्या पायावरची प्रत्येक जखम मधुमेहाची नसते. फसगत होते ती इथेच.

तळव्यावर, घट्ट्याच्या मधोमध आणि न दुखणारी जखम बहुधा दाबाची असते. बोटांच्या टोकाशी, काळपट आणि थंड पायावर असेल तर रक्त कमी पडतंय. थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील आणि टोकाला बारीक, ठणकणाऱ्या जखमा असतील, तर स्क्लेरोडर्मा (कातडी कडक करणारा स्वयंप्रतिकार आजार) किंवा ल्युपसचा विचार करावा लागतो. नडगीवर किंवा घोट्याजवळ, भोवती जांभळे ठिपके आणि भयंकर वेदना असतील, तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो.

आणखी एक प्रकार आहे, पायोडर्मा गँग्रिनोसम. नावात पू आहे, गँगरीन आहे, पण तो जंतूंमुळे होत नाही. हाही राखणदाराचाच हल्ला, यावेळी कातडीवर. आमवात आणि आतड्यांच्या दाहाच्या रुग्णांत तो जास्त दिसतो. सुरुवात एखाद्या बारीक पुळीपासून होते. मग जखम भराभर पसरते, कडा जांभळ्या आणि खालून पोखरलेल्या दिसतात, वेदना असह्य असतात. सर्जनला वाटतं की जंतुसंसर्ग झालाय, म्हणून ते मेलेलं मांस कापून साफ करतात. दुसऱ्या दिवशी जखम दुप्पट! कारण या आजारात कातडीला हात लावणं म्हणजे आग्या मोहोळाला दगड मारणं. इथे उपचार नेमके उलटे असतात. ब्लेड बाजूला ठेवून स्टेरॉइड किंवा तशी औषधं वाढवतात.

म्हणजे एका जखमेत जे औषध कमी करायचं, तेच दुसरीत वाढवायचं. म्हणूनच जखम वेगळी वाटली, किंवा नीट उपचार करूनही हलत नसेल, तर कडेचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. पायोडर्माची शंका असेल तर तेही जपून आणि जाणकाराकडूनच. वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या जखमेत क्वचित कॅन्सरही निघतो, तोही याच तपासणीत कळतो.

वाहतूक चालू ठेवून खड्डा बुजत नाही

दाबाची जखम असेल तर उपचारातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्यावरचा भार काढणं. पावसाळ्यात रस्त्याचा खड्डा बुजवतात आणि वरून ट्रक चालूच असतात. संध्याकाळपर्यंत खडी बाहेर आलेली असते. आमच्या घरी पावणेतीन महिने हेच चाललं होतं. रोज सकाळी ड्रेसिंग, आणि ड्रेसिंगनंतर मावशी ओट्याशी उभी.

यासाठी गुडघ्यापर्यंतचं, पायाला सगळीकडून नीट टेकणारं प्लास्टर घालतात. त्याने भार एका बिंदूवर न राहता सगळ्या पोटरीवर आणि तळव्यावर वाटला जातो. साधारण दर आठवड्याला ते काढून जखम पाहतात आणि नवं घालतात. हाड मोडलेलं नसताना प्लास्टर कशाला, असं मावशीने विचारलं. मलाही तेच वाटत होतं. जखम झाकून ठेवली तर आत सडेल, ही भीती होतीच.

मग काढता-घालता येणारा बूट का नको? कारण लोक तो काढून ठेवतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या बुटाला आणि कमरेला पावलं मोजणारी यंत्रं लावली होती. दिवसभरातल्या जेमतेम २८ टक्के चालण्यात बूट पायात होता. बाकीचं चालणं बुटाशिवायच झालेलं. म्हणून न काढता येणारं साधन ही जगभरच्या तज्ज्ञांची पहिली पसंती आहे. मात्र पायाला रक्त फार कमी असेल किंवा जंतुसंसर्ग जोरात असेल तर असं प्लास्टर घालत नाहीत. आधी ते निस्तरावं लागतं.

आमवाताच्या रुग्णाची अडचण इथे वेगळीच निघते. कुबड्या धरायच्या तर बोटं मिटत नाहीत. प्लास्टरने एक पाय उंच होतो, मग दुसऱ्या बाजूचा गुडघा आणि कंबर धरते. मावशीला तर पहिल्या दिवशी तोल सांभाळता येईना. शेवटी दोन साधे उपाय कामी आले. दुसऱ्या पायाच्या चपलेला खालून जाड तळ चढवून उंची सारखी केली, आणि कोपर टेकवून ढकलायचा वॉकर आणला. त्याला मुठीने धरावं लागत नाही. ओट्याशेजारी एक उंच स्टूल ठेवलं. भाजी ती आता बसूनच चिरते.

टोकाच्या शेताला पाणी पोचतंय का?

रक्तच पोचत नसेल तर जगातलं कोणतंही मलम जखम भरू शकत नाही. म्हणून पावलावरची नाडी बोटांनी चाचपणं आणि घोट्याचा रक्तदाब दंडाशी ताडून पाहणं, या पहिल्या तपासण्या. घोट्याचा आकडा दंडाच्या ०.९ पटीपेक्षा कमी आला तर अडथळा आहे असं समजतात.

पण मधुमेहात एक मेख आहे. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून त्या ताठ होतात. ताठ पाइप पट्ट्याने दाबला जात नाही, त्यामुळे आत प्रवाह कमी असूनही आकडा चांगला दिसतो, कधी १.३ च्या वरही. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात, कारण तिथल्या वाहिन्या सहसा इतक्या ताठ होत नाहीत. तो ३० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने जायला हवं. फुगा घालून किंवा बायपास करून प्रवाह सुरू करता येतो. बोट कापण्याआधी ही तपासणी झाली का, हे घरच्यांनी स्पष्ट विचारावं. विचारण्यात उद्धटपणा नाही.

"एखादं भारी अँटिबायोटिक द्या ना"

जखमेला संसर्ग झालेला नसेल तर अँटिबायोटिकने ती लवकर भरत नाही. प्रत्येक उघड्या जखमेवर जंतू असतातच. वरवर कापूस फिरवून चाचणी केली की जंतू निघणारच, आणि औषध सुरू होणार. संसर्ग आहे की नाही हे कागदावरून नाही, जखम पाहून ठरतं. लाली, सूज, ऊब, दुखरेपणा, पू बघतात. आणि असलाच, तर नमुना जखम साफ केल्यावर तिच्या तळातून घ्यायचा असतो.

आता दोन आजारांच्या माणसाची अडचण बघा. नसा बधिर, म्हणून दुखत नाही. स्टेरॉइड चालू, म्हणून लाली कमी आणि तापही येत नाही. रक्तात सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) पाहावं, तर आमवातामुळे ते आधीपासूनच वाढलेलं. पांढऱ्या पेशी मोजाव्यात, तर स्टेरॉइडने त्याही वाढतात. गावात आधीच लाउडस्पीकर चालू असताना कुणी हाक मारली तर ऐकू कशी येणार? म्हणून इथे एका आकड्यापेक्षा बदल पाहावा लागतो. नेहमीचं सीआरपी किती असतं आणि आज किती, हे ताडून पाहायचं. कारण नसताना शुगर अचानक वाढली, जखमेला वास आला, स्राव वाढला, तर ताप नसला तरी संसर्ग धरून चालायचं. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका.

जखमेत निर्जंतुक सळई घातल्यावर टोकाला काही टणक लागलं तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची शंका घेतात आणि एक्स-रे किंवा एमआरआय करतात. हाड न काढता नुसत्या औषधांवर उपचार करायचे तर साधारण ६ आठवडे लागतात. फक्त मांसापुरता संसर्ग असेल तर बहुधा एक-दोन आठवडे पुरतात.

आणि एक धोका अगदी ठळकपणे सांगते. मेथोट्रेक्सेट चालू असताना को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक घेतलं तर रक्तपेशी धोकादायक रीतीने घटू शकतात. पायाच्या संसर्गासाठी हे औषध दिलं जाऊ शकतं, आणि देणाऱ्या डॉक्टरांना मेथोट्रेक्सेट माहीत असेलच असं नाही, कारण ती गोळी आठवड्यातून एकदाच असते आणि रुग्ण सांगायला विसरतो. तुम्ही सांगा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात आणि जीवही जाऊ शकतो. मावशीच्या पाकिटावर सुनेने पेनने मोठं "फक्त रविवार" लिहून ठेवलंय.

"स्टेरॉइड बंद केलं की भरेल ना?"

शेजारच्या काकूंनी हेच सांगितलं आणि मावशीने कुणाला न विचारता गोळी सोडली. चौथ्या दिवशी तिला उठून बसवेना. चक्कर, उलट्या, रक्तदाब खाली.

कारण असं आहे. शरीर स्वतःही रोज थोडं स्टेरॉइड बनवतं. बाहेरून काही आठवडे मिळत राहिलं की शरीर आपला कारखाना बंद ठेवतं. बाहेरचा पुरवठा एकदम तोडला आणि कारखाना अजून सुरू झालेला नसेल, तर जिवावर बेततं. संसर्ग किंवा ऑपरेशनच्या दिवसांत तर डॉक्टर कधी कधी डोस थोडा वाढवतात. स्टेरॉइडने जखम उशिरा भरते, कातडी पातळ होते, शुगर वाढते, हे सगळं खरं आहे. म्हणून डोस शक्य तितका खाली आणायचा, पण पायरी पायरीने आणि आमवाताच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

बाकीच्या औषधांचं उत्तर एकसारखं नाही. संसर्ग नसलेल्या जखमेसाठी मेथोट्रेक्सेट सहसा थांबवत नाहीत. कारण आमवात उसळला तर दाह आणि स्टेरॉइडची गरज दोन्ही वाढतात. गंभीर संसर्ग असेल तर मेथोट्रेक्सेट आणि बायोलॉजिक इंजेक्शनं थोडा काळ थांबवतात, टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात, आणि त्याने शुगर थोडी खालीही येते. लेफ्लुनोमाइडने मात्र काहींच्या नसा बधिर होतात, तेव्हा पाय आधीच बधिर असेल तर हे नाव डॉक्टरांपुढे नक्की काढा.

"सकाळची शुगर तर नॉर्मल येते!"

सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा जोर दुपारी आणि संध्याकाळी असतो. उपाशीपोटीचा आकडा ११० आणि संध्याकाळी पाचला २९० असं होऊ शकतं. मावशीच्या वहीत फक्त सकाळचे आकडे होते, सगळे व्यवस्थित. जेवणानंतरची आणि चहाच्या वेळची शुगर मोजायला लागल्यावर खरं चित्र दिसलं, आणि इन्सुलिनची वेळ बदलली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणीही अशा रुग्णांत फसवू शकते. आमवाताच्या काही रुग्णांत रक्त कमी असतं, सल्फासॅलाझिनसारख्या औषधाने लाल पेशी लवकर फुटू शकतात, आणि मग आकडा खऱ्यापेक्षा वर किंवा खाली दिसतो.

हळद, शेक आणि फेस येणारं औषध

हळद स्वयंपाकघरातली आहे, ती निर्जंतुक नसते. उघड्या जखमेत ती भरली की तळ दिसेनासा होतो, आणि जखमेचा रंग हीच तर बघायची गोष्ट असते. गरम पाण्यात पाय बुडवणं आणि शेकणं पूर्ण बंद. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही, आणि असे भाजलेले पाय ड्रेसिंगच्या खोलीत नेहमी दिसतात. फेस येणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. रोजच्या ड्रेसिंगला सलाइनचं पाणी आणि ओलावा राखणारी साधी पट्टी बहुतेकदा पुरते. चांदीच्या किंवा मधाच्या महाग पट्ट्यांनी जखम अधिक लवकर भरते याचा भक्कम पुरावा नाही. तो पैसा चपलेवर खर्च करा.

दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी धरून एकाच कोनातून मोबाइलने फोटो काढा. ४ आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर चालू उपचार कुठेतरी चुकतोय असं धरून पहिल्यापासून प्रश्न विचारायचे: भार, रक्त, संसर्ग, आणि मुळात ही मधुमेहाचीच जखम आहे का.

"पाय कापावा लागेल का?"

हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. मधुमेहामुळे होणाऱ्या पाय कापण्याच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ८५ टक्के वेळा आधी पायाला जखम झालेली असते. म्हणजे जखमेच्या वेळी हालचाल केली तर बराच अनर्थ टळतो. कधी एक बोट वेळेवर काढल्याने पाऊल वाचतं. तो पराभव समजू नये.

काही वेळा मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. बोट काळं पडलं, लाली घोट्याकडे चढायला लागली, दाबल्यावर कातडीखाली चुरचुर आवाज आला, थंडी वाजून भ्रम झाला, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं. आणि जखम नसताना एक पाय अचानक गरम होऊन सुजला, तर आमवात उसळला म्हणून गोळी वाढवू नका. मधुमेहात पावलाची हाडं आतल्या आत मोडून कोसळू शकतात, त्याला शार्को पाय म्हणतात. आमवाताच्या रुग्णात तो ओळखायचा सहज राहून जातो, कारण सूज ही रोजचीच.

जखम भरली. आता?

मावशीची जखम प्लास्टर घातल्यापासून अकरा आठवड्यांनी भरली. पेढे वाटले. पण ज्यांची अशी जखम भरते, त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के लोकांना एका वर्षात पुन्हा जखम होते आणि ५ वर्षांत सुमारे ६५ टक्के लोकांना. वाकडं हाड तिथेच असतं, बधिरपणा तिथेच असतो.

म्हणून चप्पल. कुष्ठरुग्णांसाठी आपल्याकडे रुजलेली मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची चप्पल, मागून पट्टा असलेली. अंगठ्यात धरायची चप्पल नको, कारण बधिर बोटांना ती धरता येत नाही आणि वाकड्या बोटांत ती रुतते. घालण्याआधी चपलेत हात फिरवायचा. रोज रात्री तळवा पाहायचा, आणि इथे पुन्हा आमवात आडवा येतो: कंबर वाकत नाही, बोटांनी नखं कापता येत नाहीत, आणि मधुमेहाने नजरही अधू झालेली असू शकते. आरशात बघा हा सल्ला अशा माणसाला अपुरा आहे. हे काम घरातल्या दुसऱ्याचं. मावशीचा नातू मोबाइलचा टॉर्च लावून दोन्ही तळवे बघतो, हाताच्या उलट्या बाजूने ऊब ताडून पाहतो आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण करतो.

राहता राहिला देवाचा प्रश्न. मावशी पंचवीस वर्षं नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी राहायची. यंदाही राहणार, असं ती प्लास्टर निघाल्या दिवशीच म्हणाली. तापलेल्या दगडी फरशीवर पाय भाजून आलेले लोक तिने दवाखान्याच्या त्याच रांगेत पाहिले होते, तरीही. आम्ही वाद घातला नाही. सुनेने एमसीआरचा दुसरा जोड शिवून घेतला आणि तो खोक्यातच ठेवला. घटस्थापनेच्या सकाळी ती म्हणाली, "आई, ही कधी उंबऱ्याबाहेर गेलेली नाही." मावशीने थोडा वेळ त्या जोडाकडे पाहिलं, पुढे पाय केला, आणि तो घालूनच आरतीला उभी राहिली.